बसवत नाही

बेनी फोन जमिनीवर आडवा पडून घ्यायचा. घाटकोपर पूर्वेला एका दवाखान्याच्या वर आमच्या हेल्पलाइनच्या दोन खोल्या आहेत. जगणं नकोसं झालेली माणसं तिथे फोन करतात आणि आम्ही स्वयंसेवक ऐकतो. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा केंद्र सांभाळणाऱ्या सुलभाताईंनी सांगितलं की आत बेनेडिक्ट फोनवर आहेत, त्यांच्याजवळ बसून नुसतं ऐका. दार ढकललं तर खुर्ची रिकामी. टेबलाच्या पलीकडे स्टुलावर ठेवलेले दोन पाय तेवढे दिसले, मोजे घातलेले. कोणी चक्कर येऊन पडलंय असं वाटून मी धावले, तर खाली सतरंजीवर एक उंचापुरा माणूस उताणा पडलेला, रिसीव्हर कानाशी आणि नजर पंख्यावर. त्याने मला हातानेच थांब अशी खूण केली आणि फोनवरच्या माणसाला विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?"

तो फोन बराच चालला. शेवटी पलीकडचा माणूस उठून डाळभात करायला तयार झाला. बेनीने रिसीव्हर माझ्याकडे दिला, कुशीवर वळला, हाताच्या आधाराने गुडघ्यांवर आला आणि टेबल धरून उभा राहिला. तेवढ्याने त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी त्याला अहोजाहो करू लागले तर म्हणाला, "बेनी म्हण. मान दिलास की माझी पाठ आणखी ताठते."

तो मरोळच्या गावठाणातला. आजोबांची तिथे भातशेती होती. आता त्या जागी इमारती आहेत आणि त्यांच्या मधे कौलारू घरांच्या दोनतीन गल्ल्या आणि क्रूस उरलाय. आमच्याशी तो इतर मुंबईकरांसारखीच मराठी बोलायचा. घरी मात्र त्याची मराठी वेगळी होती, मलाच्या जागी मना म्हणणारी. ती तो बाहेर आणत नसे. कधी उठताना कळ आली की तोंडातून निसटायची, आणि मग तो स्वतःच हसायचा.

अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत तो ड्राफ्ट्समन होता. मोठ्या इमारतींमधून वातानुकूलनाच्या पत्र्याच्या नळ्या कुठून कशा जाणार त्याची ड्रॉइंग काढायचा. सुरुवातीची वर्षं बोर्डवर गेली, टी-स्क्वेअर आणि पेन्सिल घेऊन, उभ्याने. मग कॉम्प्युटर आले आणि सगळे खुर्चीत बसले. सकाळी बसायचं ते संध्याकाळी उठायचं. काम अर्जंट असेल तर जेवणही कीबोर्डशेजारी. "उभा होतो तोवर मला पाठ आहे हे माहीतच नव्हतं," तो म्हणायचा. पुढाऱ्यांच्या बातम्या वाचून म्हणायचा, "खुर्ची कोणाची नसते म्हणतात. माझी बघ, मला सोडायला तयार नाही."

हे विनोद पहिल्या वर्षातले. दुखणं कसं असतं असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, बसलं की कमरेला कोणीतरी गरम इस्त्री टेकवून उभं राहतं. उठलं की इस्त्री निघते, पण भाजलेलं राहतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भाजल्यावर पुन्हा इस्त्री. मग डाव्या पायात मुंग्या, पोटरीत पेटके. रात्री कूस बदलायची म्हणजे आधी मनाची तयारी करायची. एक्स-रे झाला, एमआरआय झाला. डॉक्टर फिल्म उजेडाला धरून म्हणाले, वयाप्रमाणे थोडी झीज आहे, विशेष काही नाही, व्यायाम करा, वजन उचलू नका. दुसरे म्हणाले टेन्शन घेऊ नका. पट्टा झाला, शेक झाले, तेलाचं मालिश झालं, नालासोपाऱ्याचा एक हाड बसवणारा झाला, ज्याने त्याला असा पिळला की पुढे कित्येक दिवस तो काठी घेऊन चालत होता.

त्याची बायको लव्हिना दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर असते. तीही दिवसभर बसूनच, आणि तिला काही होत नाही. ही गोष्ट त्याला डाचायची, आणि डाचते याची लाज वाटायची. बांद्र्याच्या जत्रेत ती त्याच्यासाठी नवस बोलायला गेली. तिथे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकत मिळतात. ज्याला जे हवं त्याने ते चर्चमधल्या माउलीपुढे ठेवायचं. लव्हिनाने सगळी दुकानं पालथी घातली, मेणाची पाठ कुठेच नव्हती. शेवटी तिने मेणाचा अख्खा माणूस घेतला. हे बेनीने मला सांगितलं तेव्हा मी हसले. तो हसला नाही. "पाठ सुटी मिळत नाही," तो म्हणाला, "अख्खा माणूसच द्यावा लागतो."

मला फोन घ्यायला त्यानेच शिकवलं. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे गप्प बसायची सवय नाही. फोनवर कोणी रडायला लागलं की मी समजूत घालू लागे. बेनी सतरंजीवरून हात हलवून मला थांबवायचा. नंतर सांगायचा, "बरं होईल असं म्हणायचं नाही. तुला काय माहीत बरं होईल का? दुखतं म्हणाला तर दुखतं, एवढं मान." आणि सर्वांत कठीण प्रश्न आडवळणाने विचारायचा नाही, असं त्याने मला बजावलं होतं. मरायचा विचार येतो का, असं सरळ विचारायचं. मला ते शब्द तोंडातून काढवत नसत. तो म्हणायचा, त्या माणसाच्या डोक्यात तो शब्द सकाळपासून एकटा फिरतोय, तू उच्चारलास की त्याला सोबत मिळते.

आमची शनिवारची पाळी संपली की आम्ही मेट्रोपर्यंत बरोबर चालत जायचो. गाडीत जागा असली तरी तो दाराजवळच्या दांड्याला टेकून उभा राहायचा. केस पांढरे आणि चेहरा ओढलेला बघून एखादा मुलगा उठून जागा द्यायचा. बेनी नको म्हणायचा, मुलगा आग्रह करायचा, मग आजूबाजूचे लोकही आग्रह करायचे. "आपल्या लोकांना दुसरं काही सुचतच नाही," तो एकदा वैतागून म्हणाला. "घरात पाऊल टाकलं की बसा. आधी बसा, मग पाणी, मग कसे आहात. आणि म्हणणारी माणसं चांगली असतात गं, म्हणून जास्त भीती वाटते." त्याने लोकांकडे जाणंच सोडलं होतं. चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात तो हॉलबाहेर गाड्यांच्या मधे फेऱ्या मारत राहिला आणि पुढे ते घर त्याच्याशी बोलेनासं झालं. चर्चमध्ये तो मागे दाराशी उभा असायचा. फादरांशी काहीतरी बिनसलंय असं गावठाणात लोक बोलायचे. तो खुलासा करत नसे. कितीजणांना एमआरआय दाखवणार, आणि दाखवला तरी त्यात काय दिसणार होतं.

ऑफिसात त्याने उंच टेबल मागितलं होतं. मिळालं नाही तेव्हा कागदाची रिकामी खोकी एकावर एक रचून त्याने स्क्रीन वर चढवला आणि उभ्याने काम सुरू केलं. ते दिवस बरे होते. तो केंद्रावर यायचा तेव्हा चेहऱ्यावर रंग असायचा. मग साहेबांनी बोलावून सांगितलं की क्लायंट येतात, ते गोदामासारखं दिसतं, शिवाय बाकीच्यांचं लक्ष विचलित होतं. खोकी गेली. बेनी पुन्हा खुर्चीत बसला आणि दुखणं पहिल्यापेक्षा वाईट परत आलं. गोळ्या वाढल्या. गोळ्यांनी डोकं जड व्हायला लागलं आणि एका ड्रॉइंगमध्ये नळी तुळईच्या आरपार गेली. त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. ती चूक साइटवर पत्रा कापून झाल्यावर कळली. त्याला कोणी ओरडलं नाही. थोड्याच दिवसांत, तब्येत सांभाळा असं म्हणून, त्याला घरी पाठवलं.

मला वाटलं, चला, आता बसायला तर नको. मी तसं त्याला म्हटलंही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग करायचं काय? उभं राहायचं?" घरी बसणं हा शब्दच त्याच्यासाठी नवा छळ झाला. भेटेल तो विचारायचा, काय बेनी, सध्या घरीच बसून? विनोद थांबले होते. केंद्रावर फोन घेताना तो पूर्वीइतकंच नीट ऐकायचा, पण फोन ठेवल्यावर तसाच पडून राहायचा, पंख्याकडे बघत. एकदा मी त्याला उठायला हात दिला, तर म्हणाला, "माझ्या पाठीचा बाप्तिस्मा झालेला नाही, माधवी. क्षमा करणं तिला शिकवलेलंच नाही." मी विचारायला हवं होतं तेव्हाच, तो सरळ प्रश्न. पण ज्याने शिकवलं त्यालाच विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सुलभाताईंनी फोन केला तर लव्हिनाने सांगितलं, जरा जास्त दुखतंय, येईल.

शनिवारखेरीज माझी एक पाळी गुरुवारी दुपारची असायची, शाळा सुटल्यावर. त्या गुरुवारी पहिलाच फोन वाजला आणि मी नेहमीप्रमाणे केंद्राचं नाव सांगून, बोला, म्हटलं. पलीकडून एका पुरुषाचा आवाज हिंदीतून बोलू लागला, घोगरा आणि फार हळू. नाव सांगायचं नाही, म्हणाला. मी म्हटलं, आम्ही विचारतच नाही. त्याने सांगितलं की कित्येक वर्षं एक दुखणं आहे, आता बसवत नाही, उभं राहवत नाही, पडलं तरी थांबत नाही. घरच्यांनी खूप केलं. आता ते विचारत नाहीत, आणि त्यांची चूक नाही, कारण उत्तर दरवेळी तेच असतं. सांगता सांगता तो बहुधा कूस बदलायला गेला आणि त्याचा श्वास अडकला. मग तोंडातून निसटलं, "आई गो, मना नाय जमत."

तो बेनी होता. आणि लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली. गुरुवारी दुपारी मी असते हे बेनीला माहीत होतं. मी बोला म्हटलं तेव्हाच त्याने मला ओळखलं असणार. तरी त्याने फोन ठेवला नव्हता. आता मीही त्याला ओळखलंय हे त्याला कळलं असणार, आणि तरीही तो पुन्हा हिंदीतच बोलू लागला, अनोळखी माणसासारखा. मीही हिंदीतच उत्तर देत राहिले. त्याला तसं हवं होतं, आणि आमचा नियमही तोच होता: फोन करणाऱ्याला ओळखायचं नाही.

मी त्याने शिकवलेला प्रश्न विचारला. मरायचा विचार येतो का?

"हां," तो म्हणाला.

आज?

रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक मला त्याच्या फोनमधून ऐकू आली. मग तो म्हणाला की आज घरात कोणी नाही. मी सुलभाताईंना खूण केली. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि मी रिसीव्हर दोघींच्या मधे धरला. मी विचारलं, कोणाला पाठवू का तुमच्याकडे? नको म्हणाला. बायकोला कळवू का? नको. मी बोलत राहू का? तो म्हणाला, आता बोलण्यासारखं काही राहिलं नाही, तुम्ही चांगलं ऐकलंत, थँक यू. त्या थँक यूमध्ये दार लावून घेतल्यासारखं काहीतरी होतं. तो फोन ठेवणार हे मला कळलं.

"बेनी," मी मराठीत म्हटलं, "ठेवू नको. मी येते."

सुलभाताईंनी डोळे मिटून घेतले. मग त्याचा नेहमीचा आवाज आला, खोल कुठूनतरी. "दार उघडायला मला वेळ लागेल," तो म्हणाला. "बेल वाजवून थांब."

रिसीव्हर सुलभाताईंकडे देऊन, केंद्राच्या रजिस्टरमधून त्याचा पत्ता आणि लव्हिनाचा नंबर घेऊन मी निघाले. मेट्रोत मी काय विचार केला ते आठवत नाही. लव्हिनाला फोन लावला आणि लगेच घरी या एवढंच बोलले, हे आठवतं. मरोळ नाक्याला उतरून गावठाणाच्या गल्लीत मी पळतच शिरले. बेल वाजवली. आत काही हललं नाही. पुन्हा वाजवावी असं फार वाटलं, पण त्याने थांब म्हटलं होतं. मग फरशीवरून काहीतरी घासत येत असल्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. कडी निघाली. एका हाताने चौकट धरून बेनी उभा होता, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि त्यातून सुलभाताई अजून शांतपणे बोलत होत्या. दाढी वाढलेली, बनियन घामाने भिजलेला. माझ्याकडे बघून तो सवयीने म्हणाला, "ये, बस."

मी बसले नाही. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, मीही त्याच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले. समोरच्या कपाटावर येशूची तसबीर आणि तिच्याखाली गोळ्यांची पाकिटं होती. ती मी उचलली आणि माझ्या पिशवीत टाकली. त्याने पाहिलं, अडवलं नाही. त्याला मधेच हुंदका आला, पण हुंदक्यानेही पाठ दुखत होती, म्हणून तो रडूही शकत नव्हता. तोंड उघडं ठेवून नुसता श्वास घेत होता. माणसाला रडणंही नीट मिळू नये, असं मी तोवर पाहिलं नव्हतं.

लव्हिना आली ती दवाखान्याच्या युनिफॉर्मवरच. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने त्याला धरलं नाही, समोर उभी राहून विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून सांगून संपलं होतं," तो म्हणाला.

टॅक्सीच्या मागच्या सीटवर, डोकं लव्हिनाच्या मांडीवर आणि पाय दुमडलेले, असं निजवून आम्ही त्याला हॉस्पिटलात नेलं. काही आठवडे तो तिथे होता. मनाचे डॉक्टर वेगळे, दुखण्याचे वेगळे. त्या दुसऱ्या डॉक्टर बाईंनी फिल्म बाजूला ठेवली आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाल्या की फिल्ममध्ये दिसत नाही म्हणजे दुखत नाही असं नव्हे. हे पूर्ण जाईल असं मी सांगत नाही, पण कमी करता येईल. हे मला लव्हिनाने सांगितलं. औषधं बदलली. हळूहळू हालचाली शिकवल्या, रोजच्या रोज, कंटाळा येईल अशा. चहाचा कप संपेपर्यंत त्याला बसता येऊ लागलं. मधे एकदा सगळं पुन्हा मूळपदावर गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

मला त्याने भेटू दिलं नाही. मी हॉस्पिटलात गेले तर लव्हिना दारातच थांबवून, आज नको, म्हणायची. घरी आल्यावरही तसंच. सुलभाताईंनी मला काही दिवस फोन घेऊ नका म्हणून सांगितलं. त्या रागावल्या नव्हत्या. मी नाव घेतलं ते बरोबर की चूक यावर त्यांनी मत दिलं नाही. नियम मोडला की थांबायचं, एवढंच म्हणाल्या. मी थांबले. संध्याकाळी घरी वह्या तपासताना फोन वाजला की दचकायचे. तो गेला अशी बातमी असेल, असंच प्रत्येक वेळी वाटायचं. त्याने मला का टाळावं, हेही समजत नव्हतं. जीव वाचवल्यावर माणूस जवळ येतो असं मी कुठेतरी धरून चालले होते.

वर्ष होत आलं असेल. शाळा सुटायच्या वेळी शिपाई सांगत आला की गेटवर कोणी तुम्हाला भेटायला आलंय. बेनी उभा होता, बारीक झालेला, हातात काठी. शिपायाने त्याच्यासाठी आपली खुर्ची बाहेर काढली होती आणि ती रिकामी होती. मी जवळ गेले. तो म्हणाला की मरोळचं घर भाड्याने देऊन ते लव्हिनाच्या माहेरी, वसईकडे, राहायला चाललेत. तिच्या भावाची फुलझाडांची नर्सरी आहे. तिथे रोपांमधून चालत राहायचं काम आहे, थकलं की आडवं पडायला कोणी नको म्हणत नाही. सामानाचा टेम्पो उद्या येणार होता.

"दुखतं का?" मी विचारलं.

"दुखतं." मग काठीवरचा हात बदलून तो म्हणाला, "तू माझं नाव घेतलंस त्या दिवशी. त्याचा मला राग आहे. परका होऊन बोलता येईल अशी एकच जागा राहिली होती मला, ती तू घेतलीस. आता मी कोणालाच परका नाही. सगळ्यांना माहीत आहे."

मला वाईट वाटत होतं, पण मी ते नाव पुन्हा घेतलं असतं, आणि हे त्याच्यापासून लपवावं असं मला वाटत नव्हतं. ते त्याला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"राग जाईल असं वाटत नाही," तो म्हणाला. "पण राग धरायला मी आहे, तेही तुझ्यामुळेच. दोन्ही खरं आहे, माधवी. हे तुला सांगितल्याशिवाय जायचं नव्हतं."

शाळा सुटली आणि मुलं आमच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागली. धक्का लागू नये म्हणून मी त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. गर्दी सरेपर्यंत तो तसाच थांबला, मग मागे न बघता हात वर केला आणि सावकाश रस्ता ओलांडून निघून गेला.